प्रस्तावना : स्रोताची ओळख, डोसचा हिशेब

डोळ्याच्या आतल्या मेलॅनोमासाठी डोळा काढून टाकावा की किरणोत्सर्गी चकती लावून तो वाचवावा, याचा निवाडा करण्यासाठी अमेरिकेत १९८०च्या दशकात एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याचे नाव कोलॅबोरेटिव्ह ऑक्युलर मेलॅनोमा स्टडी, म्हणजे ‘कॉम्स’. सोन्याच्या मिश्रधातूची खोलगट चकती, तिच्यात आयोडीन-१२५चे सीड्स आणि गाठीच्या शिखरावर १०० ग्रे डोस, असा उपचार ठरला. अभ्यास चालू असतानाच हा आकडा ८५ ग्रे झाला. सीड्स तेच होते, चकती तीच होती, ती किती तास ठेवायची हेही बदलले नव्हते. रुग्णाच्या डोळ्याला आधी जेवढे किरण मिळत होते तेवढेच पुढेही मिळत राहिले. मधल्या काळात स्रोताविषयीची माहिती सुधारली होती आणि तिच्याबरोबर हिशेब बदलला होता.

या पुस्तकाचा विषय त्या पंधरा ग्रेंमध्ये सामावलेला आहे. ब्रेकीथेरपीत रुग्णाच्या कागदावर डोस म्हणून जो आकडा लिहिला जातो, तो शरीरात उपकरण घालून मोजलेला क्वचितच असतो. प्रयोगशाळेतील मोजमापे, स्रोताचा आराखडा, भौतिकशास्त्राचे तक्ते आणि संगणकावरची सिम्युलेशन यांच्या साखळीतून तो निघतो. आकड्यावर विश्वास ठेवायचा तर या साखळीतील प्रत्येक कडी ओळखीची हवी. वाचकाला ही ओळख करून द्यावी, एवढाच या पुस्तकाचा हेतू आहे.

ब्रेकीथेरपीत किरणोत्सर्गी स्रोत गाठीच्या आत किंवा तिला लागून ठेवतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ती उपचाराचा अविभाज्य भाग आहे. प्रोस्टेट, स्तन, जीभ, ओठ, डोळा अशा ठिकाणीही ती वापरली जाते. तिचे सामर्थ्य अंतराच्या नियमात आहे. स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की डोस सुमारे चौथ्या हिश्शावर येतो, त्यामुळे गाठीला भरपूर डोस मिळतो आणि पलीकडचे मूत्राशय किंवा मलाशय बरेचसे वाचते. मात्र हाच नियम हिशेब करणाऱ्याला एका क्षणाचीही ढिलाई परवडू देत नाही. स्रोतापासून १० मिलिमीटरवर डोस काढताना जागेत एका मिलिमीटरची चूक झाली, तर डोस सुमारे २० टक्क्यांनी चुकतो. ५ मिलिमीटर समजलेला बिंदू खरे तर ४ मिलिमीटरवर असेल, तर तिथला डोस कागदावरच्या आकड्याच्या दीडपटीहून जास्त असतो.

सुरुवातीच्या काळात स्रोत एकच होता, रेडियम. १९०१ साली पॅरिसच्या सेंट-लुई रुग्णालयात त्वचेच्या विकारांवर ते वापरले गेले आणि १९११ साली मारी क्यूरी यांनी रेडियमचे आंतरराष्ट्रीय प्रमाण तयार केले. त्यानंतर कोणत्याही नळीची तुलना त्या प्रमाणाशी करून तिच्यात किती मिलिग्रॅम रेडियम आहे ते सांगता येऊ लागले. १९२१ साली स्वीडनच्या रोल्फ सीव्हर्ट यांनी प्लॅटिनमच्या वेष्टनातून बाहेर पडणाऱ्या किरणांचा हिशेब करणारे समाकल मांडले. १९३०च्या दशकात मँचेस्टरमध्ये राल्स्टन पॅटरसन आणि हर्बर्ट पार्कर यांनी नळ्या व सुया कशा मांडाव्यात याचे नियम आणि तक्ते बसवले. मिलिग्रॅमला तासांनी गुणायचे आणि तक्ता पाहायचा, असा तो व्यवहार. रेडियमचा अर्धायुकाल १६०० वर्षांचा, त्यामुळे स्रोताचे बळ रोज नव्याने काढावे लागत नसे. नळ्यांची घडणही बरीचशी ठरलेली असे. म्हणून स्रोताच्या माहितीचा प्रश्न त्या काळी फारसा टोचला नाही.

कृत्रिम समस्थानिके आली तसे चित्र पालटले. सीझियम-१३७, कोबाल्ट-६०, इरिडियम-१९२, मग आयोडीन-१२५ आणि पॅलेडियम-१०३. एकाच समस्थानिकाचे वेगवेगळ्या घडणीचे स्रोतही निघाले. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण आयोडीन-१२५चे. एका जुन्या मॉडेलमध्ये, ६७०२मध्ये, आयोडीन रेझिनच्या गोळ्यांवर बसवलेले असे. ६७११ या मॉडेलमध्ये ते चांदीच्या बारीक कांडीवर बसवले. दोन्हींना टायटॅनियमचे कवच, लांबी सुमारे साडेचार मिलिमीटर, जाडी ०.८ मिलिमीटर. हातात घेतले तर फरक कळणार नाही. पण आयोडीनचे किरण चांदीवर आदळले की चांदी स्वतःचे सुमारे २२ आणि २५ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे क्ष-किरण सोडते. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या किरणांची सरासरी ऊर्जा उतरते आणि पाण्यात ते लवकर शोषले जातात. स्रोताचे बळ सारखे असले तरी एक सेंटिमीटरवर मिळणारा डोस या दोन मॉडेलांत सुमारे सात टक्क्यांनी वेगळा येतो. ‘आयोडीन-१२५’ एवढ्या नावावर हिशेब करणारा माणूस ते सात टक्के सुरुवातीलाच गमावून बसतो.

या गोंधळाला शिस्त लावली ती अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिन (एएपीएम) या संस्थेच्या त्रेचाळिसाव्या कार्यगटाने. त्याचा अहवाल १९९५ साली आला, सुधारित आवृत्ती २००४ साली. जगभर ही पद्धत ‘टीजी-४३’ म्हणूनच ओळखली जाते आणि या पुस्तकाचा मोठा भाग तिच्याभोवती फिरतो. तिची कल्पना सरळ आहे. स्रोत पाण्यात एकटा ठेवला आहे असे धरायचे आणि एखाद्या बिंदूवरचा डोसदर पाच घटकांच्या गुणाकाराने काढायचा. प्रत्येक घटक एकाच प्रश्नाचे उत्तर देतो.

पहिला घटक स्रोताचे बळ, एअर कर्मा स्ट्रेंग्थ. मोकळ्या हवेत, ठरावीक अंतरावर स्रोताचे किरण किती ऊर्जा सोडतात ते मोजून अंतराच्या वर्गाने गुणायचे. तिचे एकक ‘यू’. जुन्या पद्धतीत बळ क्युरीत सांगत. पण कवचाच्या आत किती अणू विघटित होतात यापेक्षा बाहेर काय पोहोचते हे उपचाराच्या कामाचे, आणि ते मोजताही येते. दुसरा घटक डोसदर स्थिरांक. बळाच्या एका एककामागे, स्रोताच्या मध्याशी काटकोनात, पाण्यात एक सेंटिमीटरवर डोसदर किती, हे तो सांगतो. तिसरे भूमिती फलन. स्रोताची लांबी आणि अंतर एवढ्यामुळेच किरण किती पसरून विरळ होतात, याचा हिशेब त्यात येतो. चौथे त्रिज्य फलन. काटकोनाच्या रेषेवर दूर जाताना पाणी किती किरण शोषते आणि किती विखुरते, ते यातून कळते. पाचवे दिशा फलन. स्रोताच्या टोकांकडे किरणांना स्वतःच्या धातूतून आणि वेल्डिंगमधून जावे लागते, म्हणून तिकडे डोस कमी पडतो. आयोडीनच्या काही सीड्सच्या अगदी टोकाच्या दिशेला तो निम्म्याहून खाली जातो.

आकडे घेतले की पद्धतीचा स्वभाव लवकर उमगतो. इरिडियम-१९२चा उच्च डोसदराचा नवा स्रोत साधारण १० क्युरीचा, म्हणजे सुमारे ४०,७०० यू बळाचा असतो. त्याचा डोसदर स्थिरांक प्रति यू तासाला १.११ सेंटिग्रेच्या आसपास. गुणाकार केला की एक सेंटिमीटरवर तासाला सुमारे ४५० ग्रे, मिनिटाला साडेसात ग्रे. इरिडियमचा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवस, म्हणून हे बळ रोज सुमारे ०.९ टक्क्याने उतरते. आठवडाभर तारीख सुधारायची राहिली तर सहा टक्क्यांहून जास्त चूक. त्रिज्य फलनाकडे पाहिले तर इरिडियमसाठी ते पाच सेंटिमीटरपर्यंत जवळजवळ १ राहते, कारण पाण्यात जेवढे किरण शोषले जातात त्याची बरीचशी भरपाई विखुरलेले किरण करतात. आयोडीनच्या ६७११ सीडसाठी तेच फलन पाच सेंटिमीटरवर ०.४पर्यंत उतरते. दोन स्रोतांचे दोन स्वभाव एका स्तंभात दिसतात. तक्ते वाचायची सवय लावून घ्या, असा आग्रह या पुस्तकात पुन्हा पुन्हा आला आहे तो याचसाठी.

या पाच घटकांपैकी पहिले दोन एकमेकांत किती गुंतलेले आहेत ते १९९९ सालच्या घटनेतून कळते. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेचे आयोडीन-१२५साठीचे प्रमाण १९८५पासून वापरात होते. सीडच्या टायटॅनियम कवचातून सुमारे साडेचार किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे क्ष-किरण बाहेर पडतात, आणि हवेतल्या मोजमापात तेही धरले जात होते. शरीरात मात्र ते पहिल्या मिलिमीटरमध्येच संपतात, त्यांचा उपचाराला उपयोग नाही. १९९९च्या नव्या प्रमाणातून हे किरण गाळले गेले आणि त्याच सीडचे बळ सुमारे दहा टक्के कमी लिहिले जाऊ लागले. गुणाकार तोच राहावा म्हणून ६७११चा डोसदर स्थिरांक ०.८८वरून ०.९८वर न्यावा लागला. पुढे २००४ साली मोजमापांची सरासरी आणि सिम्युलेशनची सरासरी यांच्या मध्यावर ०.९६५ हे सर्वमान्य मूल्य ठरले. आता कल्पना करा की एखाद्या विभागात नवे प्रमाणपत्र आले, पण संगणकात स्थिरांक जुनाच राहिला. कागदावरचा डोस खऱ्यापेक्षा दहा टक्के कमी दिसेल, तो भरून काढायला आणखी सीड्स रोवले जातील, आणि कोणताही गजर वाजणार नाही.

इथे सिम्युलेशनचा संबंध येतो. माँटे कार्लो पद्धत १९४०च्या दशकात लॉस अलामोसमध्ये स्टॅनिस्लॉ उलाम आणि जॉन फॉन न्यूमन यांच्या हातून आकाराला आली. संगणकावर एकेक फोटॉन सोडायचा, तो कुठे आदळेल, शोषला जाईल की वळेल, हे संभाव्यतेच्या नियमांनुसार यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचे, आणि अशा कोट्यवधी फोटॉनांच्या प्रवासातून डोसचा नकाशा उभा करायचा. ब्रेकीथेरपीसाठी ही पद्धत फार सोयीची, कारण स्रोताच्या अगदी जवळ, जिथे डोस मिलिमीटरागणिक बदलतो, तिथे उपकरणाने मोजणे कठीण असते. ईजीएसएनआरसी, एमसीएनपी, जियांट-४, पेनेलोपी ही या क्षेत्रातील नित्याची नावे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने अनेक स्रोतांचे तक्ते सर्वांसाठी खुले ठेवले आहेत.

नवा अभ्यासक पहिल्यांदा गोंधळतो तो अचूकतेच्या अर्थावर. सिम्युलेशनच्या शेवटी संगणक ०.२ टक्के अनिश्चितता दाखवतो आणि काम फत्ते झाले असे वाटते. पण हा आकडा फक्त फोटॉनांच्या संख्येतून येतो. संख्या चौपट केली की तो निम्मा होतो, बस. कवचाची जाडी चुकीची दिली असेल, आतली कांडी सीडमध्ये मागेपुढे सरकते हे धरलेच नसेल, किंवा किरणांचा वर्णपट जुन्या तक्त्यातून उचलला असेल, तर फोटॉन कितीही वाढवले तरी ती चूक हलत नाही. उलट चुकीचे उत्तर अधिक ठामपणे समोर येते.

म्हणून सिम्युलेशनवरच्या प्रकरणांचा भर संगणकाला काय पुरवायचे यावर आहे. काही जागा अशा आहेत, जिथे अनुभवी माणसेही अडखळतात. आयोडीनच्या सीडचे बळ सिम्युलेशनने काढताना पाच किलो इलेक्ट्रॉन व्होल्टखालचे किरण वगळावे लागतात. ते राहिले तर टायटॅनियमची जुनी गोष्ट पुन्हा घडते आणि तुमचा स्थिरांक प्रयोगशाळेच्या प्रमाणाशी जुळत नाही. पाण्याच्या गोलाची त्रिज्या हीही क्षुल्लक बाब नाही. आयोडीन-पॅलेडियमसाठी १५ सेंटिमीटर पुरतात, इरिडियमसाठी ४० लागतात, कारण त्याचे विखुरलेले किरण लांबून परततात. गोल लहान घेतला तर दूरच्या बिंदूंवरचा डोस कमी येतो. कोबाल्टच्या स्रोतापासून काही मिलिमीटरपर्यंत किरणांनी सोडलेली ऊर्जा आणि प्रत्यक्ष शोषला गेलेला डोस एकसारखे नसतात, म्हणून तिथे इलेक्ट्रॉनांचाही माग काढावा लागतो. कमी ऊर्जेवर शोषणाचे आडछेद (क्रॉस सेक्शन) जुन्या माहितीसंग्रहातून घेतले तर चूक अंतराबरोबर वाढत जाते. म्हणूनच या सगळ्याची नोंद शोधनिबंधात कशी करावी यासाठी एएपीएमने २०१८ साली वेगळा अहवाल काढला. दुसऱ्या कोणाला तुमचे काम पुन्हा करून पाहता यावे, हा त्यामागचा साधा आग्रह. आणि सिम्युलेशन कितीही नेटके असले तरी थर्मोल्युमिनेसंट डोसमापकांसारख्या साधनांनी केलेले स्वतंत्र मोजमाप त्याच्या शेजारी हवेच.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. माणूस म्हणजे पाणी नव्हे. चरबी, हाड, प्रोस्टेटमधले कॅल्शियमचे कण, धातूचे अॅप्लिकेटर, त्वचेपलीकडची हवा, यांपैकी टीजी-४३मध्ये काहीच नाही. इरिडियमच्या ऊर्जेवर ऊती आणि पाणी यांच्यात फार फरक पडत नाही, तिथे धातूचे आडोसे आणि त्वचेजवळ कमी पडणारे विखुरण हीच मुख्य अडचण. कमी ऊर्जेवर मात्र शोषण अणुक्रमांकावर तीव्रपणे अवलंबून असते. सुरुवातीला सांगितलेल्या कॉम्स चकतीत सोने आणि सीड्सखालचे सिलिकॉन धरले, तर आयोडीनचा डोस पाण्यातल्या हिशेबापेक्षा सुमारे दहा टक्के कमी निघतो. २०१२ सालच्या टीजी-१८६ अहवालाने अशा प्रतिमानाधारित हिशेबाची दिशा दाखवली. पण तिथे एक सावधगिरीही आहे. डोळ्यासाठीचे ८५ ग्रे, प्रोस्टेटसाठीचे १४५ ग्रे हे आकडे पाण्यातल्या हिशेबावर, हजारो रुग्णांच्या अनुभवातून रुळले आहेत. नवा हिशेब अधिक खरा असला तरी त्याचा आकडा जुन्या ठरलेल्या डोसच्या जागी सरळ बसवता येत नाही. काही काळ दोन्ही आकडे शेजारी शेजारी नोंदवणे हाच शहाणपणाचा मार्ग.

एक शंका विद्यार्थी नेहमी विचारतात आणि ती रास्त आहे. सुई एक मिलिमीटर हलली की वीस टक्के जातात, मग स्थिरांकातल्या दोन टक्क्यांसाठी एवढा जीव का आटवायचा? २०११ सालच्या टीजी-१३८ अहवालाने एकाच स्रोतासाठी, एक सेंटिमीटरवर, सारे काही नीट केले तरी उरणारी अनिश्चितता ९५ टक्के विश्वासपातळीवर कमी ऊर्जेच्या स्रोतांसाठी सुमारे ९ टक्के आणि जास्त ऊर्जेच्या स्रोतांसाठी सुमारे ७ टक्के सांगितली आहे. प्रत्यक्ष रुग्णात ती आणखी वाढते. तरीही या दोन चुकांची जातच वेगळी. सुई एका रुग्णात इकडे हलते, दुसऱ्यात तिकडे, आणि अनेक रुग्णांच्या निकालांत तिचा परिणाम बराचसा विरतो. स्थिरांकातली चूक मात्र तो स्रोत वापरणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक रुग्णात, त्याच दिशेने, वर्षानुवर्षे होत राहते. तिच्यावर बेतलेले निष्कर्ष शोधनिबंधांत जातात, तिथून पुढच्या पिढीच्या उपचारनियमांत उतरतात. किती डोसला गाठ जाते आणि किती डोसला मलाशयाला इजा होते, हे ज्ञान आकड्यांतूनच एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचते. आकड्याचा पाया सारखा नसेल तर मुंबईचा अनुभव व्हिएन्नाला आणि व्हिएन्नाचा मुंबईला कळायचा नाही. म्हणून स्रोताच्या माहितीची शिस्त ही एका रुग्णापुरती बाब राहत नाही, ती सर्व रुग्णांच्या अनुभवाची बेरीज शक्य करते.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये यासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. भारतातील किरणमापनाची राष्ट्रीय प्रमाणे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सांभाळली जातात. रुग्णालयातल्या विहीर-प्रकारच्या आयनीभवन कक्षाचे अंशांकन त्याच साखळीशी जोडले जाते, आणि देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळही मुंबईतच आहे. डोळ्याच्या कर्करोगासाठी लागणारे आयोडीनचे सीड्स आणि रुथेनियमच्या चकत्या भाभा केंद्राने देशात विकसित केल्या आहेत. भारतातील काही केंद्रांनी इरिडियमऐवजी कोबाल्ट-६० स्वीकारले. त्याचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत मागवावा लागत नाही. पण यंत्र तसेच दिसते म्हणून इरिडियमचे तक्ते चालतील, असे मानता येत नाही. ऊर्जा वेगळी, अर्धायुकाल वेगळा, जवळच्या अंतरावरचा स्वभावही वेगळा.

पुस्तक क्रमाने वाचावे अशी विनंती आहे. पहिली प्रकरणे स्रोताची घडण आणि बळाच्या मोजमापाची, मधली टीजी-४३ आणि तिच्या तक्त्यांची, त्यापुढची माँटे कार्लोची, शेवटची शरीरातल्या हिशेबाची आणि अनिश्चिततेची. भौतिकशास्त्राची पदवी आणि थोडे कलनशास्त्र एवढी शिदोरी पुरे. किरणोपचाराचे डॉक्टर आणि तंत्रज्ञ समीकरणे ओलांडून पुढे गेले तरी चालेल, उदाहरणे मात्र त्यांनी सोडू नयेत. रुग्णालयात रुळलेले शब्द आम्ही तसेच ठेवले आहेत, कारण ज्या खोलीत हे काम चालते तिथे तेच बोलले जातात.

करण्यासारखे कामही पुष्कळ शिल्लक आहे. समस्थानिक नसलेले, विजेवर चालणारे छोटे क्ष-किरण स्रोत आले आहेत आणि त्यांच्या बळाचा व्यवहार अजून पूर्ण रुळलेला नाही. अल्फा कण सोडणाऱ्या सुयांसाठी तर टीजी-४३चा ढाचाच अपुरा पडतो. प्रतिमानाधारित हिशेब करणाऱ्या प्रणाली रुग्णालयांत पोहोचल्या, पण एकाच रुग्णासाठी वेगवेगळ्या प्रणाली किती जुळतात हे तपासणारी माणसे थोडी आहेत. त्यांत तुमची भर पडावी.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक करा. तुमच्या विभागातल्या स्रोताचे प्रमाणपत्र घ्या, त्यावरची तारीख आणि बळ पाहा, आजचे बळ काढा, स्थिरांकाने गुणा आणि एक सेंटिमीटरवरचा डोसदर कागदावर लिहा. मग तोच बिंदू उपचार-नियोजनाच्या संगणकाला विचारा. दोन उत्तरे दोन टक्क्यांच्या आत जुळली तर पान उलटा. जुळली नाहीत तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी फरकाचे कारण शोधा.